कॅलिफोर्निया म्युनी बाँड फंड: ब्रोशरवरचं ७.६% आलं कुठून?

बे_एरियातला_पुणेकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, पगार आणि आरएसयू (कंपनीकडून मिळणारे शेअर) धरून फेडरल २४% ब्रॅकेट, कॅलिफोर्नियाचा ९.३%, आणि उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर जातं म्हणून तो ३.८% वाला नेट इन्व्हेस्टमेंट इन्कम टॅक्सही लागतो. आरएसयू विकून आलेले दीड लाख डॉलर सेव्हिंग्जला पडून आहेत आणि व्याजातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग टॅक्समध्ये जातोय, ते बघून जीव जळतो. बँकेतल्या ऍडव्हायझरने एक कॅलिफोर्निया टॅक्स-फ्री बाँड फंड सुचवलाय, म्हणजे म्युनी (राज्य, शहरं, सरकारी खाती यांनी काढलेले) बाँड घेणारा फंड. ब्रोशरवर मोठ्ठ्या अक्षरात टॅक्स-इक्विव्हॅलंट यील्ड (टॅक्स कापून तेवढंच हातात यायला टॅक्सेबल बाँडला किती द्यावं लागेल ते) ७.६%, आणि खाली बारीक अक्षरात एसईसी यील्ड (नियामकाच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेलं वार्षिक उत्पन्न) ३.५%, एक्स्पेन्स रेशो (वर्षाचा खर्च) ०.८%, घेताना २.२५% लोड (कमिशन). मी स्वतः शोधलं तेव्हा व्हॅनगार्डचा कॅलिफोर्निया इंटरमिजिएट-टर्म टॅक्स-एक्झेम्ट दिसला, त्याला लोड नाही, खर्च ०.१% च्या आसपास, पण यील्ड बघितलं त्या दिवशी ३.२% होतं.

शेअर असला की पीई, कर्ज, कॅश फ्लो बघायचं एवढं कळतं. बाँड फंडाचे फंडामेंटल्स म्हणजे नक्की काय बघायचं? पैसे ५-६ वर्षांनी लागतील, तेव्हा बहुतेक पुण्याला परत जाऊ.

हिशोब_चोख

आधी त्या ७.६ चं बघू. ३.५ ला ०.४५९ ने भागा, ७.६ येतं. म्हणजे त्यांनी टॅक्स १ वजा ०.४५९, म्हणजे ५४.१% धरलाय: फेडरल ३७, कॅलिफोर्निया १३.३, वर ३.८. कॅलिफोर्नियाचा १३.३ फक्त दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला लागतो, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमचे २४ + ९.३ + ३.८ म्हणजे ३७.१, तर ३.५ भागिले ०.६२९ केलं की ५.५६ येतं, आणि व्हॅनगार्डवाल्याचं ५.०९. हा हिशोब प्रत्येकाने स्वतःच्या ब्रॅकेटवर करायचा, ब्रोशरच्या नाही.

सेव्हिंग्जशी तुलना ठीक आहे पण खरी तुलना ट्रेझरीशी (फेडरल सरकारचे बाँड) करा, कारण ट्रेझरीच्या व्याजावर स्टेट टॅक्स लागत नाही. तिथे फक्त २७.८% जातात, म्हणून ३.२ भागिले ०.७२२ = ४.४३. तेवढ्याच मुदतीची ट्रेझरी ४.४३ पेक्षा जास्त देत असेल तर म्युनीच्या वाटेला जायचं कारणच नाही. आणि सगळ्या राज्यांचे बाँड असलेला नॅशनल फंड घेतलात तर त्याच्या व्याजावर कॅलिफोर्निया टॅक्स लावणार, कारण फंडातले निम्मे तरी बाँड कॅलिफोर्नियाचे किंवा फेडरल सरकारचे असल्याशिवाय ती स्टेटची सूट फंडातून तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आता लोड. दीड लाखावर २.२५% म्हणजे ३,३७५ डॉलर पहिल्या दिवशीच गेले. यील्डमधला फरक ०.३%, वर्षाला ४५० डॉलर. भरून निघायला साडेसात वर्षं, आणि तुम्हाला पैसे पाच-सहा वर्षांत हवेत.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. एसईसी यील्ड खर्च वजा करून दिलेलं असतं, म्हणजे तुमच्या ऍडव्हायझरच्या फंडातले बाँड ४.३% च्या आसपास कमावतायत आणि व्हॅनगार्डचे ३.३%. राज्य एकच, बाजार एकच, मग हा जास्तीचा एक टक्का कुठून आला? फुकट कोणी देत नाही, एकतर लांब मुदतीचे बाँड घेतलेत नाहीतर कच्च्या कर्जदारांचे. फंडाचे फंडामेंटल्स म्हणजे हेच शोधून काढणं. फॅक्टशीट उघडा आणि ड्युरेशन (व्याजदर बदलले की किंमत किती हलते त्याचं माप) किती आणि रेटिंगची (कर्जदार किती भरवशाचे त्याची) विभागणी कशी ते इथे टाका.

बे_एरियातला_पुणेकर

बापरे, ते ५४.१ चं मला सुचलंच नसतं. फॅक्टशीट बघितली: ड्युरेशन ७.४ वर्षं. रेटिंगमध्ये बीबीबी (भरवशाच्या श्रेणींतली सगळ्यात खालची) १४%, त्याच्या खालचे ५%, आणि "नॉट रेटेड" म्हणून ११% आहेत. व्हॅनगार्डवाल्याचं ड्युरेशन ५ च्या आसपास दिसतंय आणि बहुतेक सगळं एए आणि ए. पण म्युनी बाँड बुडतात का मुळात? ऍडव्हायझर म्हणाला सरकारी आहेत, काळजी नको.

फ्रेस्नोची_लेक

"सरकारी आहेत" एवढ्यावर पैसे टाकू नका हो. बुडतात कमी हे खरं, पण बुडतात तेव्हा कोणाकडे काय तारण होतं ते बघण्यासारखं असतं. स्टॉकटन शहराने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यांचे २००९ चे साडेतीन कोटी डॉलरचे बाँड फ्रँकलिन या कंपनीच्या म्युनी फंडांकडे होते, आणि त्यांना तारण काय, तर शहराची दोन गोल्फ कोर्स आणि एक पार्क. कोर्टात त्या तारणाची किंमत साधारण चाळीस लाख ठरली, आणि उरलेल्या रकमेवर डॉलरमागे जेमतेम एक सेंट मिळाला. त्याच दिवाळखोरीत कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला हात लागला नाही. मी सेंट्रल व्हॅलीतच राहते, तेव्हा पेपरात हे सगळं रोज वाचत होते. व्हॅलेहो २००८, सॅन बर्नार्डिनो २०१२, ऑरेंज काउंटी १९९४, ही सगळी आपल्याच राज्यातली नावं आहेत.

म्हणून रेटिंगच्या पुढे जाऊन बाँड कशावर उभा आहे ते बघा. जनरल ऑब्लिगेशन म्हणजे टॅक्स वसूल करायच्या अधिकारावर, रेव्हेन्यू म्हणजे पाणीपट्टी, टोल, विमानतळ, हॉस्पिटल यांच्या कमाईवर, आणि स्टॉकटनसारखे लीजवाले (शहराच्या मालमत्तेच्या भाड्यावर उभे) वेगळेच. पाणीपट्टी लोक भरतातच त्यामुळे पाण्याचे बाँड भक्कम मानतात, तरी जानेवारी २०२५ च्या आगीनंतर लॉस एंजेलिसच्या वॉटर अँड पॉवर खात्याचं रेटिंग एस अँड पी या रेटिंग कंपनीने खाली आणलंच. एकाच राज्याचा फंड घेताना हाही धोका धरून चालायचं, भूकंप, आग, मंदी सगळं एकाच टोपलीत.

"नॉट रेटेड" ११% मध्ये काय आहे ते होल्डिंग्जच्या यादीत उघडून बघा. बऱ्याचदा नवीन वसाहतींचे जमीन-टॅक्सवाले छोटे बाँड असतात, घरं विकली गेली तर ठीक, नाही गेली तर बोंब. प्वेर्तो रिकोचे बाँड आहेत का तेही बघा, त्यांचं व्याज सगळ्या राज्यांत टॅक्स-फ्री म्हणून एकेका राज्याचे फंडसुद्धा ते भरून ठेवायचे, आणि २०१७ मध्ये प्वेर्तो रिको कोर्टात गेल्यावर त्यांच्या गुंतवणूकदारांनी खूप सोसलं.

हिशोब_चोख

ड्युरेशनचं मी सांगतो. व्याजदर एक टक्का वर गेले की ७.४ ड्युरेशनवाला साधारण ७.४% पडणार, दीड लाखावर ११,१०० डॉलर. ५ वाल्यात ७,५००. हे पुस्तकी नाही, २०२२ मध्ये ब्लूमबर्गचा म्युनी इंडेक्स साडेआठ टक्के पडला होता, एकही मोठं शहर न बुडता, आणि लांब मुदतीचे फंड त्याहून जास्त. ढोबळमानाने, पैसे जेव्हा लागणार त्यापेक्षा ड्युरेशन जास्त नको. तुमचे पाच-सहा वर्षं, तर पाच बसतं, ७.४ नाही.

अजून एक, आयएसओ (कंपनीचे स्टॉक ऑप्शन) एक्सरसाइज करून शेअर घेणाऱ्यांसाठी. एएमटी (पर्यायी किमान टॅक्स) लागणार असेल तर प्रायव्हेट ऍक्टिव्हिटी (खाजगी प्रकल्पांसाठी काढलेल्या) बाँडचं व्याज त्यात धरलं जातं. किती ते १०९९-डीआयव्ही या डिव्हिडंडच्या टॅक्स फॉर्मच्या बॉक्स १३ मध्ये येतं, फंड घेण्याआधी वेबसाइटवर त्याची टक्केवारी मिळते. आणि टॅक्स-फ्री फक्त व्याज, फंडाने बाँड विकून वाटलेला कॅपिटल गेन किंवा तुम्ही युनिट विकून केलेला नफा टॅक्सेबलच.

कोथरूड_रिटर्न

परत जायचं म्हणताय म्हणून लिहितोय, हे इथे कोणी बोलत नाही. हा टॅक्स-फ्री फक्त अमेरिकेत टॅक्स-फ्री. भारतात गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आरएनओआर (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट) स्टेटस असेल तोवर परदेशातलं उत्पन्न बहुतेक टॅक्समध्ये येत नाही, पण एकदा रेसिडेंट अँड ऑर्डिनरिली रेसिडेंट झालात की या फंडाचा डिव्हिडंड तुमच्या स्लॅबने टॅक्सेबल, आणि अमेरिकेत टॅक्स भरलेलाच नाही त्यामुळे क्रेडिट मागायलाही काही नाही. ३.२% तले तीस टक्के गेले तर उरलं काय? शिवाय रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावं लागतं, आणि भारतातला पत्ता टाकला की बऱ्याच अमेरिकन ब्रोकरेज कंपन्या म्युच्युअल फंड नव्याने घेऊ देत नाहीत.

आपल्याकडे एनएचएआय, आरईसी वगैरेंचे टॅक्स-फ्री बाँड होते, पण २०१६ नंतर नवे आले नाहीत, जुने एक्स्चेंजवर मिळतात तेवढेच. तेव्हा तिकडचा म्युनी फंड आरएनओआरची मुदत संपायच्या आत विकायचा हे आत्ताच ठरवून ठेवा, आणि म्हणून तर लोडवाला नकोच, साडेसात वर्षं तुमच्याकडे नाहीत.

बे_एरियातला_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस मी नुसतं ७.६ कडे बघत होतो. ऍडव्हायझरला तो फंड नको म्हणून कळवलंय. पाच वर्षांची ट्रेझरी ४.४३ च्या खाली असेल तर व्हॅनगार्डचा इंटरमिजिएट घेणार, वर असेल तर सरळ ट्रेझरी. बायकोचे आयएसओ आहेत, त्यामुळे तो बॉक्स १३ चा आकडा आज रात्री शोधतो आणि इथे टाकतो.