मदत हवी आहे: बाबांची शुगर ‘कंट्रोल’मध्ये आहे, पण जिना चढताना दम लागतो

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, त्रिमूर्तीनगरला राहते. बाबा ६३ वर्षांचे, निवृत्त. डायबेटिस जुना आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. नुकतंच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९ आलं, म्हणून घरात सगळे निर्धास्त. त्याच कागदावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आहे आणि घरच्या मशीनवर बीपी १५०च्या आसपास येतं, पण तिकडे कोणी लक्षच देत नाही.

मला घोर लागला तो रामटेकला. गडमंदिराच्या पायऱ्या बाबा नेहमी आमच्या पुढे चढतात. यंदा अर्ध्यावरच कठडा धरून उभे राहिले. छातीत दुखत नव्हतं, पण मान घामाने डबडबली होती आणि एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. सकाळची वेळ, ऊन तापलंही नव्हतं. थोडं बसल्यावर बरं वाटलं आणि विषय तिथेच संपला. आता घरचा जिना चढतानाही दम लागतो.

आमच्या डॉक्टरांनी आधीच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लिहून दिली होती. बाबा घेत नाहीत. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की या गोळीने शुगर वाढते. त्यांचं म्हणणं एकच, "मला साखरेची बिमारी आहे, हार्टची नाही. साखर बरोबर आहे तर हे कशाला?" छातीत दुखत नाही म्हणजे हृदय ठीक, असं धरता येतं का? गोळीबद्दल त्यांना काय सांगू? जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, छातीत दुखत नाही यावर अजिबात विसंबू नका. जुन्या डायबेटिसमध्ये मज्जातंतूंची जाणीव बोथट होते, त्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं तरी कळ येत नाही. नुसता दम, घाम, नाहीतर मळमळ. माझ्या आईला अटॅक येऊन गेला होता हे नंतरच्या ईसीजीत कळलं. तिला त्या दिवशी पित्त झालंय असंच वाटलं होतं. चढताना नव्याने दम लागतोय, म्हणजे एक-दोन दिवसांत हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नका, तो नॉर्मल येऊ शकतो. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा की टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), ते डॉक्टर ठरवतील. हेल्थ चेकअप पॅकेजमधली टीएमटी डॉक्टरांना न विचारता परस्पर करू नका. लघवीतल्या अल्ब्युमिनच्या (प्रथिनाच्या) तपासणीचंही विचारा. बसल्या जागी दम लागला, घाम फुटला किंवा जबडा, हात दुखू लागला तर वाट न बघता १०८ला फोन करा.

प्रतिसाद २

बाबांचं "साखर बरोबर तर हृदय बरोबर" हे गणित चुकतंय. डायबेटिसमध्ये हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, आणि तो एकट्या साखरेमुळे नसतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर साखरेने खराब होतं, बीपी त्यावर ताण देतं आणि एलडीएल तिथेच साचतं. २००८ साली अ‍ॅकॉर्ड या अभ्यासात साखर औषधांनी फार खाली आणणाऱ्या गटात मृत्यू वाढले, म्हणून तो भाग थांबवावा लागला. उलट डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तिन्ही एकत्र सांभाळले, तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना जवळपास निम्म्या झाल्या. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. बाबांना हेच दाखवा.

स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हे खरं आहे. ते नाकारू नका, नाहीतर ते तुमचं पुढचं ऐकणार नाहीत. पण डायबेटिसच्या पेशंटला त्यातून मिळणारा बचाव कितीतरी मोठा असतो. आणि तर्री-पोह्यावरून आत्ता घरात वाद नको. आधी तपासणी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. बाबा "तुझ्या समाधानासाठी येतो" म्हणाले, तेवढं पुरे. तोवर फुटाळ्यावरचं त्यांचं फिरणं चालू ठेवू का?

प्रतिसाद १

नको. डॉक्टरांनी तपासेपर्यंत जोरात चालणं आणि चढ दोन्ही बंद. औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुना ईसीजी असेल तर सोबत न्या, आणि रामटेकचा प्रसंग तुम्हीच सांगा. बाबा सांगणार नाहीत.