डीएनएला चिकटलं म्हणून कर्करोगाचं औषध? पोस्टरवरचा दावा काढा

रसायनवाली_गंगापूररोड
नाशिकच्या कॉलेजांतल्या एमएस्सी प्रोजेक्टची पोस्टरं दरवर्षी बघते. साचा ठरलेला. तांबं, कोबाल्ट, निकेल नाहीतर जस्त घ्यायचं, शिफ बेस नावाच्या सेंद्रिय रेणूबरोबर त्याचं संयुग (कॉम्प्लेक्स) बनवायचं, त्यात वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए थोडाथोडा मिसळत यूव्ही प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं (टायट्रेशन). शोषण उतरलं की बंधन स्थिरांक, म्हणजे संयुग डीएनएला किती घट्ट धरतं त्याचा आकडा, काढायचा आणि वर ठळक लिहायचं, ‘संभाव्य कर्करोगविरोधी औषध’. पेशींवर एकही चाचणी झालेली नसते.

माझं स्पष्ट मत आहे, हा दावा शीर्षकात नको. इथिडियम ब्रोमाइड (प्रयोगशाळेत डीएनए रंगवायचं रसायन) डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांमध्ये, म्हणजे बेसच्या जोड्यांमध्ये, चांगलं घट्ट बसतं, पण त्याला कर्करोगाचं औषध कोणी म्हणत नाही; आपण ते हातमोजे घालून हाताळतो. प्लॅटिनमचं कर्करोगावरचं औषध सिसप्लॅटिन आणि त्याचं जुळं ट्रान्सप्लॅटिन घ्या. अणू तेच, तेवढेच, आणि दोघंही डीएनएला जोडले जातात. सिस डीएनएतल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिन बेसना त्यांच्या एन-7 वर (सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनवर) पकडतं, तिथे डीएनए वाकतो आणि पेशीतली प्रथिनं तो बाक ओळखतात. ट्रान्सचे दोन हात विरुद्ध दिशांना, त्यामुळे ही पकड त्याला जमत नाही आणि औषध म्हणून ते निरुपयोगी ठरलं. कुठे आणि कसं चिकटलं यावर सगळं आहे.

प्रोजेक्ट_गाइड
मॅडम, रसायन बरोबर, निष्कर्ष पटला नाही. सिसप्लॅटिन 1845 पासून माहीत होतं, तेव्हा कोणाच्या डोक्यात औषध होतं? अमेरिकी शास्त्रज्ञ रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून संयुगं द्रावणात उतरली, ई. कोलाय विभागायचे थांबले आणि लांबच लांब वाढत गेले. तिथून 1978 साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. पहिल्या पायरीवर पुढचं कोणालाच दिसत नसतं. शिवाय सेल लाइनची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर चाचणीची) सोय किती कॉलेजांत आहे? मुलं यूव्ही नीट शिकतात, साताऱ्या-पुण्याला न जाता इथल्याच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) लागतात. त्यांचा उत्साह कशाला मारायचा?

रसायनवाली_गंगापूररोड
सर, तुमचंच उदाहरण पुढे नेते. रोझेनबर्ग यांच्या 1965 च्या लेखाचं शीर्षक जिवाणूंच्या विभाजनाबद्दल आहे, कर्करोगाचं नावही त्यात नाही. कर्करोगाबद्दलचा लेख आला 1969 मध्ये, उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून झाल्यावर. एवढा संयम आपल्या मुलांना शिकवायला यंत्र लागत नाही.

निफाडकर_बागाईतदार
मी बीएस्सी केमिस्ट्री, आता द्राक्षबाग बघतो. अशाच एका प्रदर्शनात ‘तांब्याचं संयुग डीएनए तोडतं’ असं वाचून आमचे वडील घाबरले. आम्ही मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो फवारतो, म्हणजे रोज तेच अंगावर घेतो का?

रसायनवाली_गंगापूररोड
दादा, घाबरू नका, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बोर्डोतून सुटणारं तांबं बुरशीच्या बीजाणूंत शिरून तिथली एन्झाइमं बिघडवतं. पोस्टरवरच्या संयुगात तांब्याला फेनँथ्रोलिनसारखी सपाट कडी जोडलेली असते. डीएनएजवळ नेण्याचं काम ती कडी करते, तोडायला वर आणखी पेरॉक्साइड आणि क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) लागतं. तसलं संयुग बोर्डोत नसतं. फवारताना मास्क आणि हातमोजे मात्र वडिलांना घालायला लावाच.

अंबड_क्यूसी
दावा राहू दे बाजूला, आधी मोजमाप बघा. मी या पोस्टरवाल्या मुलांच्या मुलाखती घेतो. ‘इंटरकॅलेशन, म्हणजे जोड्यांमध्ये घुसणं, कशावरून?’ विचारलं की ‘यूव्हीत शोषण कमी झालं’ एवढंच उत्तर. डीएनएच्या बाहेरच्या खाचेत बसणाऱ्या संयुगानेही शोषण बदलतं. संयुग जोड्यांमध्ये घुसलं तर डीएनए लांबतो आणि द्रावणाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) वाढते. त्यासाठी ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर पुरतो, तो प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतो. डीएनएचं 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर 1.8 च्या वर आहे का, म्हणजे प्रथिनं राहिलीत का, हेही अनेकांनी पाहिलेलं नसतं.

आणखी एक. संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणून सर्रास डीएमएसओ हा विद्रावक ओततात. सिसप्लॅटिनमधला क्लोराइड हटवून डीएमएसओ स्वतः प्लॅटिनमवर बसतं. मग तुलनेसाठी ठेवलेलं सिसप्लॅटिन हे सिसप्लॅटिन उरतच नाही! रक्तात क्लोराइड भरपूर म्हणून सिसप्लॅटिन टिकतं, पेशीत कमी म्हणून तिथे पाणी जागा घेतं आणि मग ते डीएनएला धरतं. म्हणून बफर द्रावणात मीठ, म्हणजेच क्लोराइड, किती टाकलं, हे पोस्टरवर लिहायलाच हवं.

प्रोजेक्ट_गाइड
व्हिस्कॉसिटीचं मान्य, या वर्षीच्या बॅचला करायला लावतो. डीएमएसओचंही. पण शीर्षकाचं दुखणं परीक्षकांकडे आहे. ‘डीएनए-बंधनाचा अभ्यास’ लिहिलं की पहिला प्रश्न येतो, ‘याचा उपयोग काय?’ आणि पोरगं गप्प होतं. मार्क त्याचे जातात, तुमचे-माझे नाही.

रसायनवाली_गंगापूररोड
मग उत्तर तयार ठेवा: ‘हे संयुग खाचेत बसतं की जोड्यांमध्ये, हे आम्ही दोन स्वतंत्र पद्धतींनी ठरवलं.’ मी परीक्षक असते तर याला पूर्ण मार्क दिले असते.

प्रोजेक्ट_गाइड
तुम्ही द्याल. तुमच्यासारखे परीक्षक दोन-चार असतील. बाकीचे बदलेपर्यंत मी माझ्या मुलांच्या शीर्षकातून ‘संभाव्य’ काढणार नाही.