चाच्यांचा छोटा ब्लॉक-सेट : मुलांना घ्यावा की साध्या ठोकळ्यांचा डबाच बरा?

शाहूपुरीकर (सातारा)

मुलीसाठी पायरेट थीमचा एक छोटा ब्लॉक-सेट घेतला, त्याबद्दल लिहितोय. मोठमोठी जहाजं दाखवणारे पुष्कळ आहेत, छोट्या सेटबद्दल कुणी नीट सांगत नाही. माझं मत आधीच सांगतो : घ्यावा. पण डब्यावरच्या चित्राला भुलून नाही.

सेट लेगोचा नाही, पण ठोकळे लेगोला व्यवस्थित बसतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बोलायचंय ते अशा सेटबद्दल. शंभराच्या आतबाहेर तुकडे आहेत, किंमत हजाराच्या आत. दोन माणसं : एक हाताच्या जागी आकडा (हुक) असलेला चाचा, दुसरा निळ्या कोटातला शिपाई. बाकी तराफा, नारळाचं झाड, शार्क, पोपट, एक छोटी तोफ आणि झाकण उघडणारी पेटी.

तराफा उत्तम जमलाय. खाली तपकिरी प्लेटा एकीवर एक अशा आडव्या-उभ्या बसवल्यात की उचलून आपटला तरी सुटत नाही. तोफेचा गोळा वीतभर जातो, मुलांना तेवढं पुरतं. बेट मात्र फसवं आहे : समोरून खडक दिसतो, मागून सगळं पोकळ. शीड पातळ प्लास्टिकचं, एकदा घडी पडली की पांढरी रेघ जात नाही. पेटीवरची खूण छापलेली नाही, स्टिकर आहे, आणि तो कोपऱ्यातून लगेच उचकटायला लागलाय. या किमतीत एवढी खूण छापायलाच हवी होती.

आता खरी गोष्ट. पुस्तिकेप्रमाणे जोडायला अर्धा तास लागतो. तेवढ्यावर सेटची किंमत ठरवणं मला पटत नाही. सेट मोडल्यावर त्याचं काय होतं ते बघा. आमच्याकडे तराफ्याच्या प्लेटांचा बंदरातला धक्का झाला, खडकाचे उतरते तुकडे छपराला गेले आणि चाचा आता त्या धक्क्यावर जकात घेतो. जुन्या डब्यात साधे ठोकळे भरपूर होते, पण ते तसेच पडून असायचे. दोन माणसं आली आणि ठोकळ्यांना काम मिळालं.

याला कारण चेहरा. लेगोची माणसं १९७८ मध्ये आली तेव्हा सगळ्यांचा चेहरा एकच होता : दोन ठिपके आणि एक हसू. १९८९ मध्ये त्यांनी पायरेट्सची मालिका काढली, तेव्हा दाढी, मिशी, डोळ्यावरची पट्टी, हाताचा आकडा, लाकडी पाय असं सगळं पहिल्यांदा आलं. तिथून पुढे बाहुल्याकडे बघूनच मूल ठरवायला लागलं की हा कोण आणि हा आता काय करणार. छोट्या सेटमध्ये आपण पैसे मोजतो ते यासाठी.

विश्रामबाग (सांगली)

दादा, सेटचे दोष तुम्ही लपवले नाहीत हे आवडलं. निष्कर्ष अजिबात पटला नाही.

सरळ भागाकार करा. एका तुकड्याला आठ-नऊ रुपये पडले, आणि त्यात पोपट, शार्क, पेटीचं झाकण हेही तुकडे म्हणूनच मोजलेत. शार्कचं शार्कशिवाय दुसरं काय होणार? त्याच पैशात साध्या ठोकळ्यांचा डबा घेतला तर दुप्पट तुकडे येतात आणि प्रत्येक तुकडा कुठेही चालतो. दोन बाय चारचे, म्हणजे वर चार-चार घुंड्यांच्या दोन ओळी असलेले, एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांत ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. कोपनहेगनच्या एका गणितज्ञाने संगणकावर मोजून काढलेला आकडा आहे हा. ९१ कोटी शक्यता सोडून आपण पोराला एका चित्राबरहुकूम तराफा करायला बसवतो.

मी वर्कशॉपमधला माणूस आहे. आमच्याकडे येणारी पोरं ड्रॉइंग दिलं की झकास काम करतात, ड्रॉइंग नसेल तर हात बांधून उभी राहतात. ती सवय लहानपणीच लागते असं माझं ठाम मत आहे.

शाहूपुरीकर

आकडा बरोबर आहे. पण ९१ कोटी शक्यतांपुढे बसलेलं सहा वर्षांचं मूल काय करतं? एकावर एक ठेवून उंच मनोरा करतं आणि पाडतं. चार दिवस गंमत, मग कंटाळा. शक्यता किती आहेत यापेक्षा त्यातली पहिली कुठली करू हे सुचणं अवघड असतं. चाच्याला उतरायला धक्का हवा हे सुचलं की पुढचं आपोआप येतं.

ड्रॉइंगचंही तसंच. पुस्तिका पाहून केलेल्या तराफ्यातून मुलीला सांधा मोडून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, प्लेटा बसवायच्या हे कळलं. ते मी तोंडाने शिकवू शकलो नसतो. आता तिच्या भिंती पडत नाहीत.

माहुलीकर (सातारा)

मला किमतीशी देणंघेणं नाही. मला विषयच मान्य नाही, आणि साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने तर यावर नक्की विचार करावा.

इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना आयुष्यभर चाचा म्हटलं. त्यांचं म्हणणं काय, तर हा आमची जहाजं अडवतो. कान्होजी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यायला लावत, म्हणजे परवाना. तो घेतला नाही तर जहाज धरत. आपल्या किनाऱ्यावर आपला हुकूम चालवणं ही लूट नव्हे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली, कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेल म्हणून मराठी आरमाराचे अधिकृत प्रमुख राहिले. ते सरखेलपद साताऱ्याच्या गादीचं होतं. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरी किल्ल्यावर चालून गेले, हात हलवत परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले, तिथेही तेच.

आता तुमच्या डब्याकडे बघा. निळ्या कोटातला शिपाई म्हणजे कायदा, आकडेवाला म्हणजे गुन्हेगार. समुद्रावर कोट घालून येणारा तो चांगला आणि त्याला अडवणारा तो वाईट. ही गोष्ट कुणाच्या बाजूने लिहिलेली आहे हे सांगायला हवं का? पोरांच्या हातात आधी हे पडतं, मग शाळेत कान्होजींवर चार ओळी येतात. कुठलं डोक्यात राहील?

कृष्णाकाठची (सांगली)

माहुलीकर सर, कान्होजींबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन्‌शब्द मान्य. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. मी इतिहास शिकवते, म्हणून थोडं सविस्तर.

खरे चाचे आपल्या समुद्रात होते. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं गंज-इ-सवाई हे जहाज सुरतेकडे परतताना गाठलं. यात्रेकरूंनी भरलेलं जहाज होतं. लूट झाली, बायकांवर भयंकर अत्याचार झाले. चिडलेल्या मोगलांनी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकलं. एव्हरी शेवटपर्यंत सापडला नाही. म्हणजे ज्यांच्यातला माणूस असा लुटून गेला, तेच काही वर्षांनी कान्होजींना चाचा म्हणत होते.

मुलांना हे सगळं सांगता येतं, आणि सांगायला काहीतरी हातात लागतं. माझ्या वर्गात नुसता ‘दस्तक’ म्हटलं की मुलं जांभया देतात. बाकावर एक जहाज ठेवलं, समोर एक माणूस उभा केला आणि विचारलं, ‘हा अडवतोय तो समुद्र कुणाचा?’ की वर्ग भांडायला लागतो. चाच्याचं खेळणं घरात आलंच नाही तर हा प्रश्न विचारणार कुठे? शाहूपुरीकरांच्या मुलीने चाच्याला जकातीवर बसवलंय. त्याच्या हातात दस्तकाचा कागद द्यायचं काम घरातल्या मोठ्यांचं आहे.

माहुलीकर

ताई, तुमच्यासारखी शिक्षिका प्रत्येक घरात नाही. माझी हरकत तिथेच आहे. बहुतेक घरांत डबा उघडला जातो आणि मोठी माणसं उठून जातात, मग डब्यावरचं चित्रच मुलांना शिकवतं. तुम्ही वर्गात जे करता त्याला माझा विरोध नाही. पण त्यासाठी आकडेवालाच कशाला हवा? साध्या डब्यातून गलबत करा, त्यावर मावळा उभा करा. विश्रामबाग यांच्याशी मी इथे पूर्ण सहमत.

खणभाग (सांगली)

मी वेगळ्या कारणाने विरोधात आहे. आमच्या गल्लीत दिवाळीच्या किल्ल्यावर गेल्या काही वर्षांत हे प्लास्टिकचे बाहुले दिसायला लागलेत. किल्ला मातीचा, आळीव पेरलेलं, तटबंदी पोरांनी हाताने थापलेली आणि वर उभा कोण तर टोपीवाला चाचा! कुंभाराकडचे मातीचे मावळे, तोफा, गवळण, सिंहासनावरचे महाराज यांची जागा हे घेतायत. मावळ्याचा भाला वाकडा असतो, रंग कानावर ओघळलेला असतो, पण तो आपल्या माणसाच्या हातचा असतो. दिवाळीच्या त्या आठवड्यावर कुंभारवाड्यातल्या घरांचा बराच हिशेब अवलंबून असतो. हजार रुपयांच्या एका डब्यात मातीचे किती मावळे येतील याचा विचार करा. शिवाय प्लास्टिक ते प्लास्टिक.

हरिपूर रोड (सांगली)

किल्ल्यावर मावळेच असावेत, हे शंभर टक्के. पण प्लास्टिक म्हणून ठोकळ्यांना नावं ठेवू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर पोरांची पुस्तकं लगदा झालेली, सावंतवाडीची लाकडी खेळणी फुगून रंग सुटलेला, कापडी बाहुल्या फेकून द्याव्या लागल्या. ठोकळ्यांचा डबा गाळाने भरला होता. बादलीत कोमट पाणी आणि साबण घालून जुन्या दातघासणीने एकेक घुंडी घासली, उन्हात न ठेवता सावलीत वाळवले. सगळे पुन्हा बसायला लागले. त्या दिवसांत पोरांना घरातली ओळखीची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरली होती. पाणी उकळतं घेऊ नका, ठोकळा वाकतो आणि मग पकड जाते.

टिकाऊपणा असा असेल तर एका तुकड्याचे आठ रुपये मला जास्त वाटत नाहीत. १९५८ मध्ये लेगोने ठोकळ्याच्या आतल्या नळ्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनचे ठोकळे आजच्यांना बसतात. भावंडांकडून भावंडांकडे जाणारी वस्तू आहे ही.

राजवाडा चौक (सातारा)

माझा मुलगा दोन वर्षांचा आहे, मोठी सात वर्षांची. तोफेचा गोळा आणि पोपट पाहून धास्ती वाटते. शिवाय लेगोचा नसलेला सेट म्हणजे डुप्लिकेटच ना?

विश्रामबाग

डुप्लिकेट आणि जुळणारा यात फरक आहे. ठोकळ्याची पेटंटं कधीच संपली. ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवायचा लेगोचा प्रयत्नही युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. त्यामुळे बसणारे ठोकळे कुणीही करू शकतं. दुसऱ्याचा डबा, नाव, सेटची रचना जशीच्या तशी उचलली तर ती चोरी. घेताना आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे. खूण नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, घेऊ नका.

आणि ताई, घरात दोन वर्षांचं मूल असेल तर हा सेट सध्या नकोच. डब्यावर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा असतो तो अशाच बारीक तुकड्यांमुळे. मोठ्या जाड ठोकळ्यांचा डबा घ्या, दोघं खेळतील.

शाहूपुरीकर

राजवाडा चौक ताईंना मीही हेच सांगेन. गोळा खरंच हरभऱ्याएवढा आहे.

खणभाग दादा, आमच्या किल्ल्यावर चाचा चढणार नाही. मावळे कुंभाराकडूनच येतात आणि येतील. पण किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्र करतात ना, निळी रांगोळी घालून किंवा परातीत पाणी ठेवून? सिंधुदुर्ग, विजयदुर्ग करणारी पोरं तर करतातच. तिथे आजवर कागदाची होडी असायची. यंदा मुलीला तिथे आरमार हवंय. माहुलीकर सर, तुमच्या हरकतीला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे : निळा कोट आणि आकडेवाला दोघेही समुद्रात राहतील, तटावर मावळे असतील आणि दस्तक तटावरून मिळेल. तुमचा विरोध कायम असेल तरी एक मदत हवी आहे. तराफ्याच्या प्लेटांमधून आंग्र्यांचं गलबत कसं करावं? सेटमध्ये डोलकाठी एकच आहे.

माहुलीकर

विरोध कायम आहे. तो डबा मी नातवाला घेणार नाही. गलबताचं मात्र सांगतो, कारण ते चुकीचं होऊ नये.

आरमारात मुख्य दोन जाती : गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवर चालणारं, मोठ्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी अडकत आणि गलबतं वल्हवत त्यांच्या मागच्या बाजूला जात, जिथे तोफा कमी. वाऱ्याची वाट न बघता हलता येणं हे त्यांचं बळ. लागलीच तर गलबतं गुराबही दोरांनी ओढून नेत.

म्हणून तुमच्या एका डोलकाठीचं गलबत करा. तळ अरुंद ठेवा, तराफ्यासारखा चौकोनी नको. नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती आणि पुढे झेपावणारी, तिला खडकाचे उतरते तुकडे लावा. शीड चौकोनी असेल तर तिरकं बांधा. वल्ह्यांना काड्या चालतील. तोफ कडेला लावू नका.

विश्रामबाग

उतरते तुकडे सेटमध्ये किती आहेत? नाळेच्या दोन्ही बाजूंना सारखे लागतील, नाहीतर पाण्यात एका बाजूला कलेल. माझ्याकडे साध्या डब्यातले जास्तीचे पडलेत. साताऱ्याला येणं होतंच, पोवई नाक्यावर आणून देतो.

शाहूपुरीकर

सहा आहेत, दोन कमी पडतील. नक्की आणा. सर, तोफ कडेला नको तर मग कुठे?

माहुलीकर

नाळेवर, तोंड पुढे. पाठलागात तीच उपयोगी.