मदत हवी आहे: लहान मुलगी असलेल्या घरात शिकारीसाठी ब्रिटनी जातीचा कुत्रा योग्य ठरेल का?

अमेरिकेतील साउथ डकोटात मी परवाना काढून ऑक्टोबरपासून फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याची शिकार करतो. पक्ष्याचा वास लागताच पुढचा पाय उचलून निश्चल उभा राहणारा, पण घरी चार वर्षांच्या मुलीशी सांभाळून वागणारा कुत्रा हवा आहे. मित्रांकडचे दोन जातींचे शिकारी कुत्रे पाहिले: जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरने आनंदाच्या भरात मुलीला दोनदा पाडले, तर विझ्ला अतिशय प्रेमळ असूनही, आतली दाट लव नसल्यामुळे, थंडीत कुडकुडत होता. १४ ते १८ किलोंची ब्रिटनी सोयीची वाटते; मात्र तिच्या पायांवरच्या आणि कानांवरच्या लांबट केसांत काटेरी बिया अडकतील, ही चिंता आहे. कुंपणाचे अंगण आहे, रोज दीड तास पळवता येईल आणि पिल्लूच घ्यायचे आहे. ब्रिटनी घरात सांभाळून शिकारीलाही नेणाऱ्यांचा, लहान मुले आणि उणे दहा अंशांतील काम या दोन्ही बाबतींत, काय अनुभव आहे?