एअर पिस्टलसाठी छर्रे कोणते घ्यावेत? ४.४९ की ४.५०?

नवी_नळी:
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्टल क्लबच्या पिस्टलवर शिकलो, आता स्वतःची मॅच (स्पर्धेची) पिस्टल हाती आली आहे. आजवर समोरच्या डब्यात जे असेल ते भरायचो. आता स्वतः घ्यायला गेलो तर एकाच नावाच्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगवेगळे आकडे. वजनंही कुठे ०.४५ ग्रॅम, कुठे ०.५३. प्रशिक्षक म्हणतात सध्या कोणतेही चांगले मॅच छर्रे चालतील. सोबतचा एक जण मात्र प्रत्येक छर्रा तराजूवर तोलून घे म्हणतो. कोणाचं ऐकावं?

दुसरं म्हणजे घरी लांबट खोली आहे, तिथे सराव करायचा विचार आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. छर्रे शिशाचे असतात, तर त्या शिशाची काय काळजी घ्यावी? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

मागची_माशी:
प्रशिक्षकांचं ऐका. का, ते आकड्यांत सांगतो.

पिस्टलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं आणि छर्रा ४.५ मिमीचा. रेषेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकला तरी तो शॉट दहाच. रायफलवाल्यांचा दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमी, त्यांना हीच मुभा फक्त २.५ मिमी. छर्‍यांची एवढी चर्चा होते ती मुळात त्यांच्यामुळे, आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी उचलली जाते.

तरीही मॅच दर्जाचेच, सपाट डोक्याचे छर्रे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, त्यामुळे गुण वाचताना वाद होत नाहीत. टोकदार किंवा घुमटाकार छर्रे कागद फाडतात. वजन ०.४५ ते ०.४९ ग्रॅमच्या आसपास ठेवा, पिस्टलसाठी म्हणून विकतात ते साधारण याच वजनाचे. ०.५३ वाले मुख्यतः रायफलसाठी असतात. त्यांनी बिघडत काही नाही, पण हलका छर्रा नळीतून किंचित लवकर सुटतो, आणि एका हाताने नेम धरणार्‍याला तेवढा काळही मोलाचा असतो.

दहाचं_वर्तुळ:
माशीरावांशी सहमत, पण ४.४९ की ४.५० हे राहिलं. हा डोक्याचा व्यास. डोकं नळीतल्या आट्यांच्या (आतल्या पिळदार खाचांच्या) उंचवट्यांवरून सरकतं आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. कोणत्या नळीला कोणता व्यास मानवेल हे डबा वाचून कळत नाही. दोन सारख्या पिस्टलांनाही वेगळे छर्रे आवडतात. तपासणं हाच उपाय.

पिस्टल मऊ जबड्यांच्या शिकंज्यात पक्की धरा. शिकंजा नसेल तर वाळूच्या पिशवीवर दोन्ही हातांनी. प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा शॉटचे निदान तीन गट मारा. पाच शॉटच्या एका सुंदर गटावर विश्वास ठेवू नका, तो नशिबानेही येतो. गटाची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा, त्यातून ४.५ वजा करा. उरलेला आकडा ३ मिमीच्या आत आला तर पुढे शोधत बसू नका. तसा गट म्हणजे छर्‍यामुळे मध्यापासून साधारण दीड मिमी चूक. पिस्टलमध्ये दशांश गुणाची (१०.१, १०.२ अशी) एक पायरी ०.८ मिमीची, म्हणजे फार तर दोन दशांश. बाकीची चूक खटका ओढताना होते.

आणि डब्याच्या मागचा बॅच क्रमांक लिहून ठेवा. जुळलेल्या बॅचचेच आणखी डबे घ्या. नाव तेच असून बॅच बदलली की गट बदलू शकतो. तोलण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

कोरडा_सराव:
मी छर्रे साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून वापरतो. गट घट्ट होतो असा अनुभव आहे.

दहाचं_वर्तुळ:
मॅच छर्‍यांना मी तरी हात लावणार नाही. धुताना ते एकमेकांवर आपटतात आणि पातळ घेर चेपतो, तिथे मिळवलेलं सगळं जातं. वरचं संरक्षक आवरण गेलं की शिसं लवकर पांढरं पडतं. तेल प्रत्येक छर्‍यावर सारखं लागत नाही, म्हणून वेगही सारखा राहत नाही. नळी साफ करायला अधूनमधून फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या मारल्या की पुरे.

मोकळा_श्वास:
मूळ धागाकर्त्यांनी दुसरा प्रश्न विचारला ते फार बरं केलंत. छर्‍यांवर पानंच्या पानं लिहिली जातात, शिशावर दोन ओळी.

तीन वर्षांची मुलगी घरात असताना राहत्या खोलीत छर्रे मारू नका, ही कळकळीची विनंती. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं, ती जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी माहीत नाही. छर्रा लोखंडी पत्र्यावर आदळला की बारीक धूळ उडते आणि ती दिसत नाही. घरी बिनछर्‍याचा सराव करा, भिंतीवर कोरा कागद लावून. त्याने खटक्यावरचा हात जास्त सुधारतो.

रेंजवर: छर्रा ओठांत धरायचा नाही, हे मी अजूनही पाहतो आणि जीव कळवळतो. डब्याला हात लावलेल्या हाताने खायचं-प्यायचं नाही, आधी साबणाने हात आणि तोंड धुवायचं. छर्रे अडवणाऱ्या सापळ्यामागची जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ परत हवेत सोडतो, हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा) फिल्टरवालाच हवा. रेंजचे कपडे आणि बूट वेगळे, मुलीला उचलून घेण्याआधी बदललेले. बंदिस्त रेंजवर नियमित जात असाल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी चाचणी आहे.

नवी_नळी:
सर्वांचे मनापासून आभार. घरचा बेत रद्द, भिंतीवर कोरा कागद लावतो. ४.४९ आणि ४.५० चे एकेक डबे ०.४५ ग्रॅममध्ये घेऊन क्लबच्या शिकंज्यावर तपासतो. एकच शंका: जुन्या एका डब्यातल्या छर्‍यांवर पांढरी भुकटी आली आहे. वापरू का?

मागची_माशी:
नको. ती शिशाचीच भुकटी आहे, बोटांना लागते आणि श्वासातही जाते. झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि धोकादायक कचरा घेणार्‍यांकडे द्या. नवे डबे कोरड्या जागी, मुलीचा हात पोचणार नाही अशा कुलपात.