क्लचचा पूर्ण सेट बदला म्हणतात, पण खरंच गेला का?

बजाजनगरचा_पोट्टा
राजेहो, 2014ची छोटी पेट्रोल गाडी आहे, 91,000 किलोमीटर झाले. रविवारी आईला घेऊन रामटेकला गेलो. गडाच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं बोंबलून राहिलं, गाडी काही सरकेना. आई म्हणे, "काहीतरी जळून राहिलं." मला वाटलं, कोणी धानाचं तणस पेटवलं असेल. गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला. काय करू?

सीताबर्डी_हाफक्लच
मुंजे चौकातल्या ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवरच ठेवत असशील. गेला समज. माझा 60,000वर गेला होता.

घोडीखालचा_काका
पोट्ट्या, घाई नको. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, तपासल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देत नाही मी.

तुझा क्लच केबलचा असेल तर आधी पॅडल हाताने दाब. जोर लागायच्या आधी एखाद-दोन सेंटीमीटर ढिलं जायला पाहिजे. क्लचची प्लेट (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती) झिजत गेली की हा ढिलेपणा संपतो अन् पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग केबल ढिली करूनच काम भागतं कधीकधी.

ते बरोबर असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढ, चौथा गिअर टाक, थोडा रेस देऊन क्लच सोड. इंजिन गपकन बंद पडलं तर क्लच धरतो. चालूच राहिलं तर सटकतो. एकदाच कर हं, पुन्हापुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेटही जाळशील.

खोलायची वेळ आली तर समोर उभा राहा. प्लेट पातळ होऊन रिव्हेटच्या (तिच्यावरच्या खिळ्यांच्या) डोक्यांना टेकली का ते पाहा. फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, प्लेट त्यालाच घासते) निळे डाग अन् भेगा शोध. आणि प्लेट ओली असेल तर बोटावर घेऊन वास घे. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गळतं. ते न बदलता नवी प्लेट टाकली तर पैसे पाण्यात.

बजाजनगरचा_पोट्टा
काका, पॅडलचा ढिलेपणा दीड सेंटीमीटर निघाला. चौथ्या गिअरात क्लच सोडला तर इंजिन आरामात घुरघुरत होतं! काल खोललं. रिव्हेट अजून खोल होते, पण फ्लायव्हीलकडची बाजू काळी, चिकट, तेलाने भिजलेली. उग्र वास नाही. मिस्त्री कापडाने पुसून नवी प्लेट बसवायच्याच बेतात होता! मी सील मागितलं तर म्हणे, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

घोडीखालचा_काका
नाव नको सांगू माझं. प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरते ती) आणि रिलीज बेअरिंगही (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवतं ते) आत्ताच बदल. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, उद्या बेअरिंग किरकिरलं तर तीच पुन्हा द्यावी लागेल. डमी शाफ्टने (बसवण्यापुरत्या नकली दांडीने) प्लेट मधोमध बसवून घे, बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायला सांग. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या दांडीवरच्या खाचांना) ग्रीस नखभरच, जास्त झालं तर उडून प्लेटवरच जाईल.

बजाजनगरचा_पोट्टा
झालं काका. आज सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्यात चढलो. आई मागे बसून नाक वर करून वास घेत होती.

घोडीखालचा_काका
पहिले 500 किलोमीटर चढावर गाडी हाफ क्लचवर (पॅडल अर्धवट दाबून) धरू नको, हँडब्रेक लाव. पार्किंगच्या फरशीवर आठवडाभर एक पुठ्ठा ठेव. तेलाचा ठिपका दिसला तर सांग.