स्पोर्ट्स बाईक जास्त धोक्याची की साधी गाडी?

भावाला २०० सीसीची स्पोर्ट्स बाईक घ्यायचीये, आई म्हणते असल्या गाड्यांवरच पोरं मरतात. पण हायवेला आडवे झालेले बघतो ते बहुतेक साध्या १०० सीसीवालेच. नक्की रिस्क कुणाला?

घाटवेडा: साध्या गाड्याच जास्त आहेत ना बाबा, मग त्याच दिसणार. दर काढायचा तो नोंदणी झालेल्या गाड्यांमागे. अमेरिकेत तसा काढला तेव्हा सुपरस्पोर्टवाल्यांचा मृत्युदर क्रूझरवाल्यांच्या (आरामात बसून चालवायच्या गाड्या) जवळपास चौपट निघाला, पण त्या भन्नाट पळणाऱ्या गाड्या, २०० सीसीला तो आकडा चिकटवू नकोस.

रोजचीस्कूटी: गाडीचं सोडा, हेल्मेटचं बोला!! २०२२ मध्ये देशात विनाहेल्मेट ५०,०२९ लोक गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. आमच्याकडे नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बायको पदर सावरत, मांडीवर पोर.

घाटवेडा: +१. आणि ब्रेकमधलं एबीएस बघून घ्या, १२५ सीसीच्या वर २०१९ पासून सक्तीचंच आहे, त्याने जोरात ब्रेक मारला तरी ओल्या रस्त्यावर चाक लॉक होत नाही. सेकंडहँड जुनी घेताय का?

प्रश्नकर्ता: हो, २०१७ ची बघितलीये 😬 आईला अजून सांगितलं नाही